क्लबला सांगून आलेलं स्थळ

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही हो. जिथे चहा मागावा लागत नाही असं एक घर धरायचं आणि दर आठवड्याला तिथे जाऊन बसायचं. बाकी सगळं आपोआप होतं! आमचं ते घर म्हणजे सिॲटलजवळच्या रेडमंडमधलं वसंतकाका आणि सुलभाकाकूंचं.

शनिवारी सकाळी सात वाजता, भर पावसात, मी गाडी काढून तिथे जातो. बायकोला बरेच दिवस वाटत होतं की मी जिमला जातो. मीही तसं वाटू दिलं. मग एकदा माझ्या जॅकेटच्या खिशात पोह्यातले शेंगदाणे सापडले आणि जिमचा विषय संपला.

आम्ही जमतो ते इंग्लंडमधल्या थॉर्नवेल नावाच्या गावाच्या फुटबॉल क्लबची मॅच बघायला. तुम्ही नाव ऐकलं नसेल. इंग्लंडमध्येही फारसं कोणी ऐकलेलं नाही. लीगच्या तक्त्यात खालून शोधायला लागलं की लवकर सापडतो, एवढीच त्याची ओळख!

*

पुण्याच्या माणसाचा या क्लबशी संबंध काय, हे मीही विचारलं होतं.

तर वसंतकाका अमेरिकेत यायच्या आधी थॉर्नवेलला पंपाच्या कारखान्यात इंजिनियर होते. तरुण, एकटे, भाड्याची खोली. घरमालकीण दर शनिवारी दुपारी घर धुवायला काढायची आणि भाडेकरूंना बाहेर. बाहेर मरणाची थंडी! त्यात सगळं गाव एकाच दिशेला चाललेलं दिसलं. काकांना वाटलं, चर्चमध्ये काहीतरी असेल, निदान आत ऊब तरी मिळेल. म्हणून गेले मागोमाग, तर निघालं फुटबॉलचं मैदान.

पायऱ्यांवर सगळे उभे. काका कुडकुडत एका कोपऱ्यात. तेवढ्यात शेजारचा एक तरुण जरा सरकला आणि म्हणाला, "इथे उभा राहा, इथे वारा लागत नाही." तो रॉन.

"त्या गावात माझ्याशी आपणहून बोललेला तो पहिला माणूस," काका सांगतात. "वाऱ्याबद्दल का होईना, बोलला!"

त्या दिवशी क्लब हरला. पुढच्या शनिवारी काका पुन्हा गेले, क्लब पुन्हा हरला. आज काका पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, तरी तोच क्लब. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, धरायचाच होता तर जिंकणारा क्लब धरायचा ना!"

पुणेरी उत्तर आलं, "जिंकणाऱ्यांना माणसं मिळतातच की."

*

इंग्लंडमध्ये एक अजब नियम आहे. शनिवारी दुपारी तीनची मॅच तिथल्या टीव्हीवर दाखवत नाहीत. का, तर लोकांनी मैदानावर जावं. परदेशात मात्र सबस्क्रिप्शन घेतलं की लाइव्ह दिसते. म्हणजे मैदानापासून चार गल्ल्यांवर राहणाऱ्याला दिसत नाही आणि रेडमंडमध्ये दिसते! आहे की नाही कमाल?

रॉनचे आता गुडघे गेलेत. तो वृद्धाश्रमात असतो, खिडकीतून मैदानाचे दिवे दिसतात म्हणे, मॅच दिसत नाही. रेडिओवाल्यावर त्याचा विश्वास नाही. मग काय, दर शनिवारी वसंतकाका फोन स्पीकरवर टाकतात आणि रेडमंडहून थॉर्नवेलच्या माणसाला थॉर्नवेलच्या मॅचची कॉमेंट्री ऐकवतात!

सुरुवात छान इंग्लिशमध्ये होते. बॉल गोलजवळ गेला की काका मराठीत घुसतात. "अरे मार ना! मार ना! मार ना रे!" आणि मग एक सुस्कारा. क्लबच तसा आहे.

सीझन संपताना क्लबने वर्षाचा उत्तम खेळाडू निवडायला मतं मागवली. रॉनची धाकटी बहीण जीन ही क्लबच्या समर्थकांच्या संघटनेची अध्यक्ष. रॉनने तिला फोन करून झापलं. "गोलसमोर प्रत्येक वेळी बॉल त्या मार्नाकडे असतो, वसंत घसा फोडून सांगतो, आणि यादीत त्याचं नावच नाही?"

जीनने आम्हाला फोन केला. "वसंत, हा मार्ना नक्की कोण?"

काका ओशाळले. काकूंनी फोन हातातून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "तो आमच्या घरी असतो. ओरडतो खूप, गोल एकही नाही!"

*

ओरडण्यावरून आठवलं. काकांचा शेजारी डेव्ह. एका शनिवारी सात-सव्वासातला हा सहा फुटी गडी बाथरोबवर, छत्री घेऊन दारात हजर. "लोक झोपलेत!" असं काहीतरी म्हणणार होता. काकूंनी दार उघडलं आणि त्याने तोंड उघडायच्या आत, "कम, कम, बाहेर पाऊस आहे," म्हणत हातात पोह्यांची डिश दिली. काकूंसमोर तक्रार करून दाखवा बरं कोणी!

पहिल्याच घासाला मिरची लागली. डोळ्यांतून पाणी. तरी गडी खात राहिला, मॅच बघत राहिला.

हाफटाइमला त्याने विचारलं, "तुम्ही सगळे एवढे टेन्शनमध्ये का?" मी सांगितलं की क्लब विकायला निघालाय, आणि नवा मालक उद्या मैदानही फुंकून टाकू शकतो.

डेव्हने डिश खाली ठेवली. आमच्या सिॲटलला पूर्वी एक बास्केटबॉलची टीम होती. मालकाने विकली, घेणाऱ्याने उचलली आणि दुसऱ्या राज्यात नेली. डेव्ह लहानपणापासून वडिलांबरोबर मॅचला जायचा. "आमची नेली यार," तो म्हणाला. आमच्यात बसून तासाभरात 'यार' शिकला होता. "सोफा हलवावा तशी नेली." आणि पुन्हा डोळे पुसायला लागला.

काकू आतून दह्याची वाटी घेऊन आल्या.

"नाही, नाही, मिरचीमुळे नाही," डेव्ह म्हणाला.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तरी घे."

तेव्हापासून डेव्ह दर शनिवारी सर्वांच्या आधी येतो आणि सर्वांत मोठ्याने ओरडतो.

*

आता मालकीचं नीट सांगतो, नाहीतर पुढची मजा कळायची नाही.

क्लबचा जुना मालक गावातलाच, गालिच्यांच्या दुकानाचा म्हातारा. प्रेमापोटी क्लब चालवला, खिसा रिकामा झाला, थकला. त्याने क्लब विकायला काढला आणि एक हॅल्डन नावाचे साहेब पुढे आले. दात पांढरेशुभ्र, बोलणं मधाळ. पहिल्याच व्हिडिओत गळ्यात क्लबचा स्कार्फ घालून म्हणाले, "हा क्लब माझं कुटुंब आहे!"

आम्ही सगळे खूश. काकू मात्र टीव्हीजवळ गेल्या, चष्मा सावरला आणि म्हणाल्या, "स्कार्फचं लेबल काढलेलं नाही. परत करायचा विचार दिसतोय."

मालक व्हायला माणूस लायक आहे का, याची लीगची एक टेस्ट असते. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. माणूस फसवणुकीत जेलमध्ये गेलेला नसावा, सध्या दिवाळखोर नसावा, बंदी घातलेली नसावी, वगैरे. बरंचसं त्याने स्वतःच लिहून द्यायचं.

"म्हणजे मुलालाच विचारायचं, बाळा, तू गुणी आहेस ना?" काकू म्हणाल्या. "आणि तो हो म्हणाला की अक्षता टाकायच्या!"

बाळाने हो म्हटलं होतं. बाळ पास झालं होतं!

माझं टाळकंच सरकलं. अहो, रेडमंडमध्ये टू बेडरूम भाड्याने घेताना माझा क्रेडिट स्कोअर तपासला, पगाराच्या स्लिपा मागितल्या, आधीच्या घरमालकाला फोन केला, मांजरीचा फोटो मागितला. मांजरीचा! आणि इथे चार पिढ्यांचा क्लब एका सहीवर! आम्हा नागपूरकरांना राग आला की आवाज आपोआप वर जातो. काकूंनी मला ताक प्यायला लावलं. (तिकडे आता सरकारने स्वतंत्र रेग्युलेटर बसवलाय म्हणे. ही त्याच्या आधीची गोष्ट.)

एकच दोरी आमच्या हातात होती. पूर्वी क्लब अडचणीत आला तेव्हा समर्थकांच्या संघटनेने मदत केली होती आणि बदल्यात एक अट घालून घेतली होती. संघटनेच्या सभासदांनी बहुमताने हो म्हटल्याशिवाय मैदान क्लबच्या नावावरून हलवायचं नाही. एका सभासदाला एक मत, मग तो लॉर्ड असो की न्हावी. वसंतकाका सभासद होते. हॅल्डन साहेबांनी त्या अटीतून सूट मागितली होती. म्हणाले, "कारभार सोपा करायचाय."

*

आमच्या मराठी मंडळातली निम्मी लग्नं काकूंनी जुळवलीत. उरलेल्या निम्म्यांना त्या आधीच 'नको' म्हणाल्या होत्या आणि बहुतेकांना ते नंतर पटलं!

त्यांचा एक नियम आहे. "मुलगा कसा आहे हे त्याच्या आईला विचारू नये. दूधवाल्याला विचारावं, वॉचमनला विचारावं, आणि शेजारणीला तर विचारावंच."

"काकू, हा क्लब आहे, मुलगी नाही," मी म्हटलं.

"आपल्या घरातून जायचंय ना? मग चौकशी होणार."

आणि झाली! हॅल्डन साहेबांकडे पूर्वी बेल्जियममधल्या एका गावचा क्लब होता, एवढं इंटरनेटवर सापडलं. पुढे काय झालं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. काकूंनी डोळे मिटले, मनातल्या मनात सगळी लग्नं चाळली आणि म्हणाल्या, "अमृता!" ही सांगलीची मुलगी, काकूंनी लग्न लावलेली, नवऱ्याबरोबर ब्रुसेल्सला. एका रविवारी बिचारी ट्रेनने त्या गावी जाऊन आली. काकूंना नाही कोण म्हणणार?

तिने व्हिडिओ कॉलवर मैदान दाखवलं. मैदान कसलं, फर्निचरच्या मोठ्या दुकानाचं पार्किंग! एक गोलपोस्ट तेवढा उरला होता. लोक त्याला सायकली बांधत होते.

तिथे पूर्वी मॅचच्या दिवशी सँडविच विकणारी बाई अमृताने शोधून काढली. तिने सरळ सांगितलं. साहेबांनी आधी मैदान दुसऱ्या कंपनीच्या नावावर केलं, मग ती कंपनी विकली, मग साहेब दिसले नाहीत. क्लब राहिला, खेळायला जागा राहिली नाही. वर्षभरात क्लबही मिटला.

आम्ही फोन ठेवला. डेव्हने मला विचारलं, "काकू काय म्हणतायत?" काकू पदराला हात पुसत म्हणत होत्या, "स्थळ बिजवर आहे. त्यात वावगं काही नाही. पण पहिली कशाने गेली, ते लपवलंय."

हे डेव्हला इंग्लिशमध्ये समजावताना माझा घाम निघाला.

*

मी सगळं लिहून लीगला ईमेल केला. उत्तर फार सभ्य आलं. कळवल्याबद्दल आभार, त्या देशात कुठलाही कायदा मोडलेला दिसत नाही, सबब साहेब टेस्टमध्ये बसतात. सबब! मी कीबोर्डवर हात आपटला, त्यात 'एल'ची की निघाली ती निघालीच.

जीनने अमृताची माहिती तिकडे सभासदांना सांगितली. निम्मे घाबरले. निम्मे म्हणाले, "ते बेल्जियम, हे इंग्लंड. सूट नाही म्हटलं आणि साहेब निघून गेले तर खेळाडूंचा पगार कोण देणार?" त्यांचंही चूक नव्हतं हो. जीन रोज साहेबांना एकच गोष्ट विचारत होती, मैदान क्लबच्या नावावर राहणार ना? साहेब म्हणायचे, "मैदान म्हणजे क्लबचं काळीज आहे!" हो पण नाही आणि नाही पण नाही.

वसंतकाका मात्र चिडले नाहीत, तेच मला खुपलं. आदल्या वर्षी त्यांची बायपास झाली होती. डॉक्टरांनी आता कुठे विमानप्रवासाला हो म्हटलं होतं, आणि काकांनी उन्हाळा लागायच्या आत थॉर्नवेलला जायचं ठरवलं होतं. रॉनला व्हीलचेअरवरून मैदानात न्यायचं, त्या वारा न लागणाऱ्या पायरीशी थांबायचं आणि एक मॅच बघायची. एवढंच. काशीला जाणारा माणूस बोलतो ना, तसं बोलायचे त्याबद्दल.

त्या शनिवारी त्यांनी रॉनला फोन लावला, पण कॉमेंट्री केली नाही. नुसतं म्हणाले, "रॉन, आपली जागा अजून आहे." पलीकडून रॉन म्हणाला, "अजून आहे, वसंत." मग दोघं म्हातारे मॅच संपेपर्यंत फोनवर गप्प बसून होते. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? डेव्हलाही आलं. त्या दिवशी पोह्यात मिरची नव्हती.

*

सूट द्यायची की नाही, त्या मतदानाची सभा झूमवर होती. तिथली संध्याकाळ, आमची सकाळ. काका कोट-टाय घालून लॅपटॉपसमोर, मागे मी आणि डेव्ह, आणि काकू शेजारच्या खुर्चीत मटार सोलत. काकूंना आम्ही तीन-तीनदा सांगितलं होतं, सभासद काका आहेत, तुम्ही नाही, तुम्ही काही बोलायचं नाही. "मी कशाला बोलू?" त्या म्हणाल्या होत्या.

स्क्रीनवर गावच्या हॉलमध्ये बसलेले सभासद, घरोघरचे म्हातारे, रॉनचं अर्धं कपाळ, आणि हॅल्डन साहेब त्यांच्या वकिलाबरोबर. लोकांनी विचारलं, साहेबांनी उत्तरं दिली. कुटुंब झालं, काळीज झालं, स्वप्न झालं. जीनने पुन्हा विचारलं, मैदान कोणाच्या नावावर राहणार? साहेब म्हणाले, "मैदान या गावाच्या आत्म्यात राहणार!" हॉलमध्ये काहींनी टाळ्याही वाजवल्या. काकांची मान खाली गेली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

जीन म्हणाली, "आणखी कोणाचा प्रश्न?"

आता यातली गंमत ऐका. हॅल्डन साहेबांचा त्याच महिन्यात खराखुरा घटस्फोट चालू होता. तिकडच्या पेपरांत रोज येत होतं. काकूंना याचा पत्ता नव्हता. त्यांनी चौकशी क्लबची केली होती, बायकोची नाही!

काकूंनी मटारांचं ताट बाजूला ठेवलं, पुढे वाकल्या, आणि कोणी अडवायच्या आत माइकचं बटण दाबून म्हणाल्या, "मिस्टर हॅल्डन, इफ टुमॉरो देअर इज डिव्होर्स, ग्राउंड गोज टू हूम?"

काकूंच्या मनात क्लब आणि साहेब यांचा काडीमोड होता. साहेबांना वाटलं, बाईंनी पेपर वाचलाय. त्यांचा चेहरा एकदम खुलला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांना सोपा प्रश्न आला होता!

"मॅडम, त्याची अजिबात काळजी करू नका!" ते हसत म्हणाले. "माझ्या वकिलांनी केव्हाच सोय केलीय. तुम्ही आज हो म्हटलंत की उद्या सकाळी मैदान माझ्या वेगळ्या कंपनीत जाईल. मग त्याला कोणी हात लावू शकत नाही. माझी बायको नाही, क्लब नाही, कोणीच नाही!"

साहेबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. कुठूनतरी रॉनचा आवाज आला, "काय म्हणाला तो?"

वकील ताडकन पुढे आला. "एक मिनिट! प्रश्न फक्त सभासदांनी विचारायचे असतात. या बाई सभासद आहेत का?"

काका पांढरे पडले. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी डेव्हकडे, डेव्हने छताकडे.

जीनने चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीने सावकाश पुसला आणि पुन्हा घातला.

"मघाशी नव्हत्या," ती म्हणाली. "आता आहेत. चला, मतं घेऊ या."